देवकाबाईंच्या सात्या

देवकाबाई कोणतीही अळंबी हातात आली की आधी तिचा देठ कानापाशी नेऊन मोडत. मोडताना डोळे मिटत. मग एकदा वास घेत आणि त्यानंतरच सांगत, खायची की फेकायची. बालाघाटच्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं मी घरी न्हाणीघराचं दार लावून अळंबीचे देठ कानापाशी मोडून पाहत होतो. मला कधीच काही ऐकू आलं नाही. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

देवकाबाई आमच्या प्रयोगशाळेत परिचर होत्या. टेबलं पुसायची, बाटल्या धुवायच्या, मुलं फोडतील त्या काचा वेचायच्या. बुटक्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. माहेर लांजीकडच्या रानातलं, त्यामुळे जंगल पायांना ठाऊक. मी नोकरीवर नवा होतो तेव्हा एका तासाला बैहरकडच्या सरईच्या, म्हणजे सालवृक्षांच्या, रानातून आणलेली एक अळंबी मुलांना दाखवत होतो. नाव फळ्यावर लिहिलं, कूळ सांगितलं. देवकाबाई शेजारचं टेबल पुसत होत्या. हळूच म्हणाल्या, "सर, थे नाही हे. याच्या पोटात दूध रायते." आणि टोपीची कड नखाने चिरली. पांढरं दूध टपकन टेबलावर पडलं. वर्गात जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. मी फळा पुसला. माझ्या मनात असूयेची ठिणगी त्या दिवशी पडली, खोटं कशाला बोलू.

पुढे तर ती फुंकर न घालताच वाढत गेली. सरईखालचे गोटीसारखे पुटू, बांबूच्या बेटातल्या छत्र्या, सडक्या ओंडक्यावर उगवणारे तांबडे कान, सगळं त्यांना ठाऊक. मी पुस्तकं उपसून नाव शोधायचो, त्या मोडून सांगायच्या. एकदा बाहेरून एक मोठे तज्ज्ञ आमचं नमुन्यांचं कपाट पाहायला आले. अर्ध्या तासात त्यांना कळलं की नमुने गोळा करायला मला कोण घेऊन जातं. मग ते गृहस्थ दोन तास देवकाबाईंशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले, आणि मी चहा सांगायला खाली गेलो. देवकाबाईंना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी तज्ज्ञांनाही बजावलं, "जे वळखलं नाही थे आपलं नाही. पोटाले पुस्तक वाचता येत नाही, सर."

घरीही सुटका नव्हती. भाद्रपदात त्या पळसाच्या पानात गुंडाळून सात्या आणून देत. सात्या म्हणजे वाळवीच्या, देवकाबाईंच्या भाषेत उदईच्या, जमिनीखालच्या घरावर उगवणारी पांढरी अळंबी. मटणाला मागे सारेल अशी चव. दरवर्षी त्याच जागी उगवते, म्हणून जागा ठाऊक असणं हीच इस्टेट. आमच्याकडे ती जागा कुणी कुणाला सांगत नाही. दाखवतात, तीही एकालाच, आणि हातपाय थकायला लागल्यावर. माझी बायको विचारायची, "कुठल्या हो या, देवकाबाई?" त्या म्हणायच्या, "रानातल्या." दोघी हसायच्या. मी जेवायचो, बोटं चाटायचो आणि जळायचो.

त्यातच निलिमा आली. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, घरची भाषा हिंदी. मी तिला संशोधनाकडे वळवत होतो आणि ती देवकाबाईंच्या मागे रानात फिरत होती. दर वाक्याची सुरुवात, "सर, देवकाबाई तो कहती हैं..." देवकाबाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. गुडघे कुरकुरू लागले होते. सात्यांची जागा आता निलिमाला मिळणार, याची मला खात्री पटली. विद्यार्थिनी माझी आणि इस्टेट तिला, हे मला सोसेना.

एका सोमवारी सकाळी देवकाबाई सात्या घेऊन सरळ प्रयोगशाळेत आल्या. त्यांच्या चपलांना काळी माती होती, शाईसारखी. बैहरच्या घाटाकडची माती लाल. अशी काळी फक्त भरवेलीच्या खाणीच्या ढिगाऱ्यांकडे, मँगनीजची. पुढच्या रविवारी मी पहाटेच स्कूटर काढली आणि खाणकामगारांच्या वस्तीपलीकडे एका झाडाआड थांबलो. देवकाबाई पिशवी घेऊन आल्या, टेकडी चढल्या, तासाभराने उतरून गेल्या. मी त्यांच्या पावलांवरून वर गेलो. सागाच्या झाडाखाली एक उंचवटा होता. मोठ्या सात्या त्यांनी खुडून नेल्या होत्या, बारक्या तशाच राखल्या होत्या.

मला मात्र मुळासकट पुरा नमुना हवा होता. सातीचं मूळ खाली हातभर उतरून वाळवीच्या घराला भिडतं. असा अखंड नमुना आमच्या कपाटात नव्हता, आणि देवकाबाईंनी तो कधी काढू दिला नव्हता. मी खुरप्याने चौकोन आखला, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे, आणि खणत गेलो. खाली स्पंजासारखं राखाडी घर लागलं. वाळव्या सैरावैरा धावत होत्या. तेही मी उचललं. त्या दिवसाइतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

नमुना मोठ्या बाटलीत घातला. चिठ्ठीवर नाव लिहिलं, तारीख लिहिली, स्वतःचं नाव लिहिलं. जागेची ओळ मोकळी सोडली. मीच मुलांना ओरडून सांगत असे, 'जागा लिहिली नाही तर तो नमुना नव्हे, मुडदा आहे मुडदा.'

पुढच्या भाद्रपदात देवकाबाई म्हणाल्या, "सर, उद्या फुरसत हाय का? जुन्या चपला घालजा."

भरवेलीचा रस्ता लागला तेव्हाच मला कळलं, आम्ही कुठे चाललो आहोत. टेकडी चढताना त्या थांबत थांबत बोलत होत्या. "हे जागा मले माह्या सासूनं देल्ली. पोरगी गोंदियाले, तिले सवड नाही. पोरगा खदानीत. थो म्हणते, माँ, पाकीट में मिलता है. आता माहे गुडघे ऐकत नाही. मंग मी म्हटलं, सरले देऊ. तुमी लिहून ठेवता. लिहेल गोष्ट मरत नाही."

"निलिमाला का नाही?" मी विचारलं.

"थे लहान हाय अजून. आधी तुमी."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी मनात म्हणत होतो, एखादी तरी उगवली असेल, एक तरी. एकही नव्हती. खड्ड्यात गवत माजलं होतं, पण चारही कोपरे अजून धारदार होते. देवकाबाई खाली बसल्या आणि एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवू लागल्या.

"रानडुकरांनी उकरलं असेल," मी म्हणालो.

"डुकराले कोपरे जमत नाही, सर."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "थे मोठी बाटली मी साल भर पुसून राह्यली. तिच्यावर जागा काहून नाही लिहिली, समजत नव्हतं. मले वाटे, सर भुलले असतील."

मी माफी मागितली. त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "मले काहून म्हणता? उदईले म्हणा. पर थे आता इथं नाही. निघून गेली."

त्यांनी हे कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोला तर नाहीच. त्या वर्षीही पळसाच्या पानात सात्या आमच्या घरी आल्या, दुसऱ्या कुठल्यातरी जागेच्या. देणाऱ्या हातात तिळाएवढाही फरक नव्हता. मला वाटलं होतं, आता तरी लाजेनं माझी असूया मरेल. मेली नाही. एवढं उकरूनही त्या बाईजवळ माझ्यापेक्षा जास्तच उरलं होतं, आणि मी त्याचाही हेवा करत राहिलो. एक मात्र केलं. बाटलीवरच्या मोकळ्या ओळीत जागा लिहिली.

निवृत्तीनंतर देवकाबाई चार पावसाळे जगल्या. त्यांच्या अंत्ययात्रेत निलिमा सगळ्यांत पुढे होती, मी मागे.

निलिमा आता हट्ट्याला शाळेत शिकवते. दर भाद्रपदात पळसाच्या पानात सात्या घेऊन येते. बायको विचारते, "कुठल्या गं?" ती हसून मराठीतच म्हणते, "रानातल्या." मी काही विचारत नाही. मी नुसता दारात उभा राहतो आणि माझी नजर, मी कितीही आवरली तरी, तिच्या चपलांकडे जाते. काळी माती की लाल?

पण निलिमा फाटकाजवळच्या नळावर दोन्ही चपला घासून धुते, निथळू देते, आणि मगच आत येते. जागा दाखवताना देवकाबाईंनी तिला हेही सांगून ठेवलं असणार.