भेगेला कपाळ दिसत नाही

तुमच्या घरातल्या विधवेच्या टाचा तुम्ही कधी पाहिल्या आहेत? मी पाहिल्या नव्हत्या. समतेची पत्रकं मात्र गावोगाव वाटत होतो.

पौषातल्या एका रविवारी आत्याला घेऊन जुन्नरच्या बाजारात गेलो. घाटाखालून आणलेले कोकमतेलाचे पांढरे गोळे मांडून डोंगराकडची एक बाई बसली होती. गिऱ्हाईक आलं की ती आधी स्वतःच्या कोपरावर गोळा घासून दाखवी. तिचं कपाळही आत्यासारखंच मोकळं होतं, पण कोपर तुकतुकीत.

“सुनेला हवंय,” आत्या हळूच म्हणाली. नवरा गेल्यापासून तिने अंगाला तेल लावलं नव्हतं. आमच्याकडे तशी रीतच होती.

“सुनंच्या टाचा मला दिसत न्हाईत, आक्का. तुमच्यातनं रगात येतंय.” तिने आत्याचा पाय मांडीवर ओढला, गोळा तळहातांत चोळून मऊ केला आणि अंगठ्याने भेगा भरू लागली.

शेजारचा कापडवाला हसला. “कपाळ पुसलेल्या बाईला नटवतीस व्हय, भर बाजारात?”

तिने मान वर केली नाही. “भेगंला कपाळ दिसत न्हाई, भाऊ. तिला निस्ती थंडी कळती. दुसरा पाय द्या, आक्का.”

आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांदेखत दुसरा पाय पुढे केला.

माझ्या एकाही पत्रकात असं वाक्य नव्हतं. म्हणून आज एवढंच मागतो: घरी जाऊन वाटीभर तेल कोमट करा. ती नको म्हणेल. तरी तिचा पाय मांडीवर घ्या.