खोडलेलं पाणी

पडद्यावर माझं घर आलं आणि मी टाळी वाजवली.

पनवेलच्या एका कॉलेजचा हॉल. आरोग्य पाहणीचा समारोप. पंधरा दिवस मी त्या शहरी पथकाला आमच्या खाडीकाठच्या गावात दारोदार फिरवलं होतं, म्हणून मलाही बोलावलेलं. शेवटच्या रांगेत. नवं पातळ नेसून गेलेले. पडद्यावर माझं अंगण, वाळत घातलेला जवळा, त्यावर माश्या, उंबऱ्यात माझी शेंबडी लेक. मी ओरडलेच, "अगो बाय, ह्ये तर माजंच घर हाय!"

सगळा हॉल हसला. मीही हसले. मला वाटलं, कौतुक चाललंय. काय ध्यान होते मी!

फोटोखाली इंग्रजीत काहीतरी होतं. शेजारच्या शिपायाला विचारलं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिहिलंय, अज्ञान आणि घाण हेच इथल्या रोगराईचं कारण."

माझे हात अजून टाळीतच होते.

पण पथकाच्या मोठ्या मॅडमला एकटीला शिव्या देऊन मी सुटणार नाही. माझाही हात होता त्यात. दारोदारचे फॉर्म मीच भरायचे. त्यात प्रश्न होता: हात साबणाने धुता का? हो किंवा नाही. बाया म्हणायच्या, "धुवाया पानी कुठं हाय?" मग मी प्रत्येक फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं लिहायचे, 'पाणी नाही. विहीर खारी.' मोठ्या मॅडमनी ते पाहिलं. "बाई, रकान्याबाहेर लिहायचं नसतं. खोडून टाका."

मी ओसरीवर बसले आणि खोडरबरानं गावाचं पाणी खोडलं. एकेक फॉर्म. इतकं स्वच्छ, की मॅडम म्हणाल्या, "हुशार आहात हं!" त्या एका शब्दावर ही सातवी पास बाई आठवडाभर फुगून फिरत होती. नवऱ्यालासुद्धा दोनदा ऐकवलं.

उंबऱ्यातल्या त्याच लेकीची पोर आता विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकते. शिकून काय होणार विचारलं की बोटांवर मोजते. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात, साथरोगांच्या कामात, एखाद्या संस्थेत, नाहीतर कंपनीच्या सीएसआरमध्ये. मला अभिमान आहे. संशयही आहे.

मागच्या महिन्यात ती तिच्या मॅडमना घेऊन आली. मॅडम चक्क माझ्या पाया पडल्या. पाया पडणाऱ्याच्या हातात काय आहे ते मी आधी बघते. टॅब होता.

"आजी, बायका तुमचं ऐकतात. तुम्ही सोबत आलात तर संमतीच्या सह्या पटकन होतील."

"आधी प्रश्न दाव."

नातीनं दाखवले. हात साबणाने धुता का? हो. नाही. तोच प्रश्न! मी काच बोटानं वरखाली सरकवली. कडेला लिहायला जागाच नव्हती. आता खोडायची कटकटही नको.

"पान्याचं कुठं इचारलंय?"

"आजी, ते आमच्या स्टडीत नाहीये गं. फॉर्म अप्रूव्ह झालाय."

मॅडम गोड हसल्या. "पाणी दुसऱ्या खात्याकडे येतं, आजी."

खात्याकडे येत असेल. आमच्याकडे आता नळ आहे, पण त्याला एक दिवसाआड येतं. तेही सकाळी, बाया मासळी घेऊन बाजारात बसलेल्या असतात तेव्हा. गावामागं उठलेल्या बिल्डरच्या उंच टॉवरला चोवीस तास.

नात कानाशी आली. "प्लीज आजी. प्रोजेक्ट अडकलं तर माझं वर्ष जाईल."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण खोडरबर पुन्हा माझ्याच हातात देत होते, आणि या वेळी नातीच्या हातून.

"नाय," मी म्हणाले. "तुजं एक वरीस जाईल, बाय. माज्या गावाची किती गेली, ती तुज्या टॅबात हायेत का?"

मॅडम गेल्या. नात फणकाऱ्यानं त्यांच्यामागे गेली. जाऊ दे.

संध्याकाळी, बाया बाजारातून परतल्यावर, मी घरोघर गेले. माझी वही, माझं पेन. पेन्सिल नाही. पहिला प्रश्न: नळाला पाणी कधी येतं? दुसरा: तेव्हा घरात कोण असतं? हात धुण्याचं शेवटी विचारलं.

वही भरली आहे. ज्या फॉर्मात हे दोन प्रश्न नाहीत, त्यावर आमच्या आळीतली एकही बाई सही करणार नाही. उद्या माझी नात साहेबीण होऊन गाडीतून उतरली, तरी तिलाही आधी फॉर्म दाखवावा लागेल. तोवर दारात उभी राहील.