कुरडूची मुळं

कुरडूच्या फुलाला तसा वास न्हाय. पन वल्या मातीतनं त्ये उपटताना जो हिरवा, कच्चा वास हाताला लागतो, त्यो भाकरी थापली तरी जात न्हाय. मंद्रूपच्या शिवारात माजी निम्मी उमर त्याच वासात गेली. तुरीत वाकायचं, मुठीत धरायचं, मुळासकट वडायचं आन् बांधावर फेकायचं. त्येचं गुलाबी-पांढरं तुरं उन्हात वाळून जायचं. त्याकडं कोन बघतंय?

मालक गेलं, सासरच्यांनी दार लावून घेतलं, तवा दोन पोरी घिऊन मी सोलापुरात भवानी पेठंत आले. शेजारी लक्ष्मीअक्का, विणकराच्या घरची, घरात समदं तेलुगू. तिनंच मला चरक्यावर सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरायला शिकिवलं. तिच्या शब्दावर काम मिळायचं. दुपारचं ऊन खिडकीतनं सुतावर उतरलं की ती तिचं गानं गुनगुनायची, मी माजी जात्यावरची ववी. मला तिचं गानं कळायचं न्हाय, तिला माजी ववी, पन चरक्याच्या घुर्रघुर्रीत दोन्ही गळं एकाच धाग्यावर आल्यावानी वाटायचं.

घट बसायच्या आदल्या दिशी अक्का बाजारातनं आली, पदरात कुरडूचं तुरं लेकरावानी जपून.

"ह्ये इकत आनलंस?" मी हसत सुटले. "आगं अक्का, ह्ये तर तण! आमी बांधावर फेकतो की!"

तिचं तोंड उतरलं. त्यांच्यातल्या बाया त्याच फुलांचं गोल थर रचत्यात, वर हळदीची गौर बशिवत्यात, तिला बतुकम्मा म्हनत्यात, ह्ये मला कुटं ठावं?

"आमची आई हाय ती," येवढंच बोलली आन् दार लोटलं.

दोन दिस चरका उगा ऱ्हायला. अक्का तुटली म्हंजे काम तुटलं, आन् काम तुटलं म्हंजे पुन्ना त्येच सासरचं बंद दार. पन खरं सांगू, पोटाचं भ्या मागनं आलं. भिंतीपलीकडचं गानं थांबलं होतं, त्येच लई लागलं.

तिसऱ्या दिशी यष्टीनं मंद्रूपला गेले, वळखीच्या शेतात वाकले. मालकीण म्हनली, "काय गं, फुकट तण भांगलायला आलीस व्हय?"

"भांगलत न्हाय बाय, देव न्हेतीय."

गठुडं अक्काच्या दारात सोडलं. तिनं वाकून एक रोप उचललं.

"अय्यो! मुळं कशाला आणलीस गं? माती बी?"

कुरडू खुडायचं बी असतं, ह्ये ह्या हाताला ठावंच नव्हतं. उपटायचंच शिकलेला हात. अक्का पोट धरून हसली, हसता हसता डोळं पुसाय लागली, आन् मंग उंबऱ्यात दोघी बसून एक एक तुरा मुळापासनं सोडवत ऱ्हायलो.

सांजच्याला बायांनी फुलांभवती फेर धरला. मी भिंतीला टेकले. बिनकुकवाच्या बाईनं आसल्या येळी मागं सरायचं, आमच्यात ह्ये कुनी सांगावं लागत न्हाय. अक्कानं येऊन मनगट धरलं.

"आई काय कुकू बघून फुलं घेती व्हय? रावे, ये की!"

टाळी चुकली, पाय चुकला, बाया हसल्या, मी बी हसले. मालक गेल्यापासनं आशी मोकळी पयल्यांदाच.

मुळं अक्कानं फेकली न्हायत, दारातल्या फुटक्या घागरीत पुरली. ती काय जगली न्हायत. पन तुऱ्यांचं बी सांडलं आसंल. म्होरल्या साली घागर फुलली, मंग गल्लीभर कुटं बी उगवाय लागलं.

अक्का जाऊन दोन वर्सं झाली, माग बी बंद पडलं. दर साली तिची सून हाक मारती आन् पयला थर मी रचते. गानं आजून निम्मंच कळतंय.

आज सकाळी तुळशीच्या बुडातलं तण काढाय वाकले, तर दोन पानांचं कुरडू. सवयीनं मूठ वळली. वळली, आन् तितंच थांबली. उपटायचं न्हाय ह्ये हाताला आता कळतंय. नुसतंच धरून बसायचं कसं, त्ये त्यो आजून शिकतोय.