तिसरी बादली

आमच्या घरात पाणी दोनच प्रकारचं होतं, आणि ते प्रकार बायकोनं ठरवले होते. निळ्या बादलीचं आणि लाल बादलीचं. निळी अंघोळीची, कपड्यांची, फरशी पुसायची. लाल संडासची. लाल बादली चुकून संडासच्या उंबऱ्याबाहेर दिसली की ती परत आत जाईपर्यंत मला ऐकून घ्यावं लागायचं. निळी चुकून आत गेली तर मात्र ती काही बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी नवी निळी यायची, आणि जुनी त्या दिवसापासून लाल. रंगानं निळीच असायची, पण लाल. पाहुण्यांना हे समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची.

मी सरकारी कारखान्यात फिटर होतो. सातवी झाल्यावर शाळेला रामराम केला, पुढं मामानं चेन्नईला आणून नोकरीला चिकटवलं, तो इथलाच झालो. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडली आणि मुलानं सिरुसेरीच्या बाजूला फ्लॅट घेतला तिथं आलो. मुलगा श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात. कंपनीच्या बसनं जातो आणि येतो, मधल्या वेळेत झोपतो. सून नाशिकची, कॉम्प्युटरच्या ऑफिसात. बायको मागच्या पावसात गेली. इथला पाऊस म्हणजे दिवाळीचा. दिवे लावायचं राहिलं ते राहिलंच.

आमचा फ्लॅट तळमजल्यावर. बाल्कनीखाली मातीची एक पट्टी आहे, तिथं तिनं सोनचाफा लावला होता. माहेराहून कलम आणलं, कोल्हापुरापासून रेल्वेनं. मला वरचा बर्थ दिला आणि खालच्या बर्थवर ती आणि कलम. मी म्हणालो होतो, अगं, इथं हाच चाफा पायलीनं मिळतो, सेंबगम म्हणतात, बायका वेणीत घालतात.

"मिळत असेल," ती म्हणाली. "तो माझ्याशी मराठीत बोलणार आहे का?"

रोपवाल्यानं सांगितलं होतं, कलमी आहे, लवकर फुलेल. लवकर काही फुललं नाही. ती रोज सकाळी जाऊन पानं उलटून उलटून बघायची, जसं काही फूल खाली लपून बसलंय. एकही फूल न बघता गेली.

या उन्हाळ्यात कॉम्प्लेक्सच्या बोअरनं हात टेकले. सगळं टँकरवर आलं. कमिटीनं फतवा काढला की चांगलं पाणी झाडांना घालायचं नाही. त्या कमिटीत आमची सूनबाईच पाण्याचं खातं सांभाळते, त्यामुळं मला वशिलाही नव्हता. चाफ्याची पानं गळायला लागली. मी तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, भाजी धुतलेलं घातलं. मग माझ्या पिण्याच्या तांब्यातलं निम्मं घालायला लागलो. सुनेनं पकडलं.

"बाबा, डॉक्टरांनी भरपूर पाणी तुम्हाला प्यायला सांगितलंय. झाडाला नाही."

मग तिनंच सुचवलं की एसटीपीचं पाणी घाला. एसटीपी म्हणजे आमच्या कॉम्प्लेक्सचा मैलापाण्याचा कारखाना. सगळ्या घरांचं संडास-मोरीचं पाणी तळघरात जातं, तिथं साफ होतं, आणि बागेला जातं. आमच्या पट्टीपर्यंत त्याची नळी पोचत नाही, पण तळघराच्या तोंडाशी नळ आहे, तिथून आणायचं. मी म्हणालो, तिच्या झाडाला संडासचं पाणी? ते माझ्या हातून होणार नाही. झाड वाळलं तर वाळलं.

सून शांतपणे म्हणाली की फ्लशच्या टाकीत तेच पाणी येतं, आपण इथं आलो त्या दिवसापासून. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच. कळलं असतं तर ती मला घेऊन परत क्वार्टरमध्ये गेली असती, आत आता दुसरं कुणी राहत असलं तरी.

नाही म्हणायचं तर निदान बघून म्हणावं, म्हणून मी तळघरात उतरलो. तिथला ऑपरेटर पोटानं मोठा, तोंडानं त्याहून मोठा. टाकीच्या कठड्यावर डबा उघडून सांबार-भात जेवत होता. मला बघून तो खूश झाला. म्हणाला, ताता, या. ताता म्हणजे आजोबा. इतक्या वर्षांत वरून कुणी बघायलाच आलं नाही, येतात ते वास आला म्हणून भांडायला. मग हात चाटत त्यानं मला सगळं फिरवलं.

आधी लोखंडी जाळी. पाण्याबरोबर जे येऊ नये ते तिथं अडतं. त्यानं ते एका टोपलीत काढून ठेवलं होतं: चिंध्या, केसांचे गुंतवळ, टूथब्रश, प्लास्टिकचा हत्ती आणि वरची कवळी. वरची म्हणजे दातांची वरची. मालक शोधला का, मी विचारलं. तो म्हणाला, नोटीस लावली होती, पण कोण येणार कबूल करायला? तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणी तोंड मिटून हसलं की मी जरा निरखून बघतो.

पुढं एक लहान टाकी, तिथं तेल-तूप वर तरंगतं आणि ते काढून घेतात. मग एक मोठी टाकी, नुसती साठवणीची. सकाळी सगळे एकदम अंघोळीला जातात आणि दुपारी कुणी नसतं, म्हणून आलेलं पाणी तिथं थांबवून पुढं सारखं सोडायचं. हे मला लगेच कळलं. कारखान्याच्या कँटीनमध्येही शिफ्ट सुटली की असंच करावं लागायचं.

त्याच्यापुढची खरी टाकी. चहासारखं तपकिरी पाणी आणि खालून सारखे बुडबुडे. ब्लोअर नावाचं यंत्र त्यात हवा भरतं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते घाण खातात, आणि खाता खाता त्यांना श्वास लागतो, म्हणून हवा. ऑपरेटर म्हणाला, माझे लाखो कामगार आहेत, युनियन नाही, दिवाळीचा बोनस नाही. मी म्हणालो, कामगारांचं ठीक आहे, तुझ्या ब्लोअरचं बेअरिंग बोलतंय. फिटरच्या कानाला ते लपत नाही. तो म्हणाला, ते पहिल्यापासून असंच गातं, ताता.

जेवून जड झालेले जंतू पुढच्या टाकीत खाली बसतात. तो झाला गाळ. वरचं नितळ पाणी वाळूतून, कोळशातून गाळून, क्लोरीन घालून पुढं जातं. गाळातला थोडा पंपानं परत बुडबुड्यांच्या टाकीत सोडतात, अनुभवी कामगार म्हणून. आमच्याकडंही रिटायर झालेल्यांना असंच कंत्राटावर बोलवायचे. उरलेला वाळवून खत.

मग त्यानं काचेच्या उंच भांड्यात ते तपकिरी पाणी भरलं आणि म्हणाला, आता अर्धा तास बघत बसायचं, कामगार तब्येतीनं कसे आहेत ते कळतं. आम्ही बसलो. हळूहळू तपकिरी सगळं खाली गेलं आणि वर स्वच्छ पाणी राहिलं. बायको गेल्यापासून हा पहिलाच अर्धा तास होता ज्यात मला कुणी जेवलात का म्हणून विचारलं नाही.

शेवटच्या नळाचं पाणी त्यानं ओंजळीत दिलं. दिसायला चांगलं होतं. वास थोडा क्लोरीनचा, बाकी काही नाही. माझ्या मनानं ते घेतलंही असतं. पण न्यायचं कशातून? निळी बादली या नळाखाली धरली तर तिची कायमची लाल होणार. लाल नेली तर मीच कबूल केलं की हे लाल बादलीचं पाणी आहे आणि ते मी तिच्या झाडाला घातलं. मी हात झटकले आणि रिकामा वर आलो. सुनेला कारण सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कुकर लावला.

तीन-चार दिवसांत ब्लोअर गायचा थांबला. बेअरिंग गेलं, मोटर जळाली. दुरुस्त होऊन यायला वेळ लागला, तोवर हवेविना सगळे कामगार गुदमरून मेले. कॉम्प्लेक्सभर सडक्या अंड्याचा वास. लोकांच्या मेसेजनी सुनेचा फोन जेवायच्या ताटाशेजारी टणाटण उड्या मारायचा. बागेचं पाणी बंद, चाफ्यावर मूठभर पानं. मी नको म्हणालो होतो ते पाणी आता मागूनही मिळणार नव्हतं, आणि तेव्हा कुठं मला कळलं की मला ते हवं आहे.

मोटर आली. पण ऑपरेटर म्हणाला, नुसती हवा सोडून काय उपयोग, टाकीत जिवंत कुणी पाहिजे. मी सुनेला म्हणालो, हे विरजण आहे. दूध कितीही कोमट ठेव, विरजणाशिवाय दही लागत नाही. तुझी सासू शेजारच्या मामींकडून वाटीभर आणायची. सुनेनं शेजारच्या कॉम्प्लेक्सला फोन करून त्यांच्या गाळाचा एक टँकर मागितला. ते म्हणाले, मीटिंगमध्ये ठेवतो. स्वतःची घाण द्यायलासुद्धा लोकांना मीटिंग लागते.

तोवर चालू करायला शेण आणि गूळ टाका, ऑपरेटर म्हणाला. शेणात जंतू असतात, गूळ त्यांचं खाणं. कमिटीतल्या एकानं ऑनलाइन शेण मागवलं. सुंदर गोल गोवऱ्या आल्या, होमाच्या, सोनेरी कागदात. ऑपरेटरनं एक हातात घेऊन म्हटलं, हे वारलेत.

ताजं शेण कुठं मिळतं ते त्या सगळ्या इमारतींत मला एकट्याला माहीत होतं. मागच्या जुन्या वस्तीत एका बाईच्या गाई आहेत, दुपारभर रस्त्यात बसून ऑफिसच्या बसेस अडवतात. बायको चाफ्याला घालायला तिथूनच शेण आणायची, आणि मी कंटाळत मागं मागं जायचो.

निघताना बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. लाल तर शक्यच नाही. शेणाला तिनं कधी घाण म्हटलं नव्हतं, गावाकडं सणाच्या आधी सगळं घर सारवायची. निळीतही नाही, ती माझ्या अंघोळीची. सून ऑफिसची बॅग घेऊन दारात आली आणि विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, भांडण चाललंय. ती म्हणाली, "आईंना सांगा, मला उशीर होतोय," आणि गेली.

रस्त्यावरच्या दुकानात मी बादली मागितली. लाल नको, निळी नको. त्यानं हिरवी दिली.

गाईवाली बाई धार काढत होती. मला बघून तिनं माझ्या मागं बघितलं.

"अम्मा येत नाही हल्ली?"

"गेली."

"गावाला?"

"नाही."

ती उठली. बादली माझ्या हातातून घेऊन तिनं स्वतः भरली, दाबून दाबून भरली. वर म्हणाली, अम्मा असती तर म्हणाली असती, ओलं दिलंस, वजनात फसवलंस. मला हसू आलं. खरं होतं ते. हिच्याशी ती प्रत्येक वेळी भांडायची आणि दर वेळी हिच्याकडंच जायची.

किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही. उरलेलं बाईच्या मुलीनं सामानाच्या रिक्षात घालून आणून दिलं. आम्ही शेण कालवून टाकीत सोडलं, वर गुळाचं पाणी. गुळाची ढेप मी फोडली. फोडताना मनात बायकोशी वाद चालू होता. मी म्हणत होतो, बघ, आत शेण आहे, गूळ आहे, तुझ्या सणाच्या सामानातलं काय राहिलं? ती नेहमीप्रमाणं गप्प होती, म्हणजे पटलं नव्हतं.

शेजाऱ्यांची मीटिंगही एकदाची झाली आणि गाळाचा टँकर आला. त्यानंतर मी रोज खाली जाऊन काचेचं भांडं बघत बसायचो. पहिले दिवस नुसता गढूळपणा, काही केल्या खाली बसेना. ऑपरेटर म्हणायचा, नवी भरती आहे, शिकतील. मग एके दिवशी बसायला लागलं. आठवड्यानं वरचं पाणी इतकं नितळ झालं की भांड्यापलीकडून ऑपरेटरचं पोट स्पष्ट दिसलं. वास गेला. सुनेचा फोन मुका झाला.

त्या दिवशी मी हिरवी बादली घासूनपुसून नेली आणि शेवटच्या नळाखाली धरली. ऑपरेटर उचलून द्यायला आला, मी उचलू दिली नाही. बाल्कनीखाली जाऊन बुडाशी ओतली. आसपास कुणी नाही बघून म्हणालो,

"हे लालचं नाही आणि निळीचंही नाही. तुझा नियम मोडलेला नाही. तिसरी बादली तू ठेवलीच नव्हतीस."

हिरवी बादली आता बाल्कनीत असते. बाथरूममध्ये न्यायची नाही, हा नियम मी केला आहे. मुलानं परवा झोपेत तिच्यात पाय धुतले, तर मी त्याला सोडलं नाही. सून म्हणाली, घरात आई परत आल्यासारखं वाटलं.

चाफ्याला बुंध्यापासून नवी पालवी आली आहे. फूल नाही. आलं तर ते देवाला चालेल का, यावर सून आणि मी आत्तापासून भांडतो. ती म्हणते चालेल. मी म्हणतो, आधी येऊ दे, मग ते तुझ्या सासूच्या फोटोपुढं ठेवू आणि तिला ठरवू दे. ऑपरेटरला तर फार घाई झाली आहे. त्याच्या कामगारांच्या पाण्यावर वाढलेलं झाड आहे ना. जेवण झालं की तो वर येतो आणि सांगतो, ताता, पानं उलटून काय होणार, फूल असेल तर टोकाला दिसेल. मग आम्ही दोघं मिळून पानं उलटून बघतो.