मास्क नक्की कुणाच्या नाकासाठी होता?

परवा रोह्याला भाच्याच्या बारशाला गेले आणि भांडून आले...

बारसं मस्त झालं, बाळ गोड आहे, वालाचं बिरडं तर विचारूच नका. भांडण झालं ते जेवणं उरकल्यावर. माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर, प्रशांतराव, धाटावच्या एका केमिकल कंपनीत मोठे साहेब आहेत. बाळाच्या लसींवरून विषय निघाला आणि गाडी घसरली ती थेट कोरोनावर.

म्हणे, लसीची सक्ती हा आपल्यावर झालेला सगळ्यात मोठा अन्याय. माझं शरीर, माझा निर्णय, मला सांगणारे तुम्ही कोण... आणि मास्क म्हणजे तर बैलाच्या तोंडाला बांधलेलं मुसकं! हे सगळं तीन डोस घेऊन ठणठणीत बसलेला माणूस सांगत होता, हे विशेष.

माझं डोकंच फिरलं. त्या दिवसांत आमच्या आळीतली दोन धडधाकट माणसं एका आठवड्यात गेली. त्यांना शेवटचं बघायलाही मिळालं नाही कुणाला. आणि हे सुपारी चघळत मुसक्याच्या गोष्टी करतात!

मी सरळ विचारलं, तुमच्या प्लांटमध्ये हेल्मेट नसलेल्या कामगाराला गेटवरून परत पाठवता ना? तेव्हा कुठे जातं त्याचं शरीर आणि त्याचा निर्णय? तर म्हणाले, "ताई, ते वेगळं." वेगळं काय डोंबल!

मग मी ऐटीत सांगितलं, की पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात मी स्वतः सक्ती केली होती. चौदा बायका येतात आमच्याकडे कामाला. लस नाही तर काम नाही, मास्क नाही तर आत पाऊल नाही... एवढं स्पष्ट. प्रशांतराव सुपारीचा डबा शोधायला लागले, बहिणीने डोळे वटारले. मला वाटलं, जिंकले.

काल सकाळी कारखान्यात गेले तेव्हाही मी त्याच तोऱ्यात होते. सुगंधा तेवढी आली होती. गागोद्याच्या पुढच्या एका वाडीवरून येते ती, सतरा वर्षं आमच्याकडे मूर्ती घासतेय. साच्यातून निघालेली प्लास्टरची मूर्ती पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची, हे तिचं काम. पिठासारखी पांढरी धूळ उडते, भुवयांवर, पापण्यांवर बसते. नाकावर पदर घट्ट बांधून बसतात सगळ्याजणी.

तिला मी हातवारे करून सगळं भांडण सांगितलं. लसीला सगळ्यात जास्त घाबरली होती तीच. सुई टोचली की माणूस वर्षात मरतो, असं वाडीवर कुणीतरी सांगून ठेवलं होतं. मीच तिला दटावून, गाडीत घालून केंद्रावर नेलं होतं.

ती हसली. मग खोकली... बराच वेळ खोकली. खोकला थांबेपर्यंत मांडीवरची मूर्ती तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"व्हय वयनी, लय भ्यायले व्हते मी. पन बरं केलात नेलात ते," ती म्हणाली. मग मूर्ती खाली ठेवून, "एक इचारू? तवा तुमी रोज सकाळी मास्क द्यायचात. ते मधीच बंद का केलात? धूळ तर हायच ना."

मी म्हटलं, "अगं, सरकारचा नियम उठला ना."

"आसं व्हय... आमाला वाटला, आमचाच कायतरी चुकला. दोन-चार जनींनी पोरांसाठी घरी नेलते, म्हनून वयनी रागावल्या."

इतकी वर्षं. चौदा बायका इतकी वर्षं हे धरून बसल्या होत्या, की आम्ही चोरी केली आणि वहिनींनी शिक्षा दिली. आणि शिक्षा समजून तीच धूळ निमूटपणे नाकात घेत होत्या...

मला उभ्या जागी स्वतःची लाज वाटली. कोरोनाच्या आधी कितीतरी वर्षं ही बाई त्याच धुळीत बसत होती, तेव्हा मला एकदाही मास्क सुचला नाही. तिच्या नाकातून काहीतरी बाहेर येऊन माझ्यापर्यंत पोहोचेल म्हटल्यावर मात्र मी खोक्यांनी मास्क आणले. दंडाची भीती होती, मुंबईची गिऱ्हाईकं विचारत होती. नियम उठला तशी मी मोकळी झाले. उरलेला खोका घरी नेला... माळा झाडताना वापरते. मला धुळीचा त्रास होतो ना!

प्रशांतराव चूक होते, हे मी आजही ठासून सांगेन. दुसऱ्याचा जीव जात असेल तर सक्ती करावीच लागते. पण मी तरी कुठे मोठी नीतीची पुतळी? सक्ती करताना मला तिच्या जिवाची काळजी सांगता आली, आणि सक्ती संपल्यावर तिचा जीव माझ्या हिशेबातही उरला नाही. प्रशांतरावांवर काढलेल्या या रागाला आता माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडत नाही मला.

मी तिला म्हटलं, उद्यापासून सगळ्यांना मास्क मिळतील, धुळीचे, चांगले. ती घाईघाईने म्हणाली, "आता घरी नाय न्यायच्या आमी, वयनी."

मी म्हटलं, ने, पोरांनाही ने. मग खोकल्याचं विचारलं, तर म्हणाली, दोन पावसाळे झाले असतील. दोन पावसाळे! आणि मी रोज तिच्या समोरून जाते.

डॉक्टरांना लगेच फोन केला. उद्या सकाळी तिच्या छातीचा एक्स-रे आहे, मीच तिला घेऊन जाणार आहे. सुगंधा, विचारलंस ते फार बरं केलंस गं... खरं सांगते, मला भीती वाटतेय.