उजवीकडून बोला

गल्लीतल्या त्या न्हाव्याला खऱ्या नावानं फक्त पोस्टमन हाक मारायचा. बाकी सगळ्यांसाठी तो रेडिओ. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की तोंडाचा पट्टा सुरू, तो शटर खाली येईपर्यंत. गिऱ्हाईक खुर्चीत झोपलं तरी हा बोलतच राहायचा, आणि जागं झालेलं गिऱ्हाईक डोळे चोळत विचारायचं, "बरं, मग पुढे काय झालं?"

आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवून तो सुधारगृहातल्या मुलांचे केस कापायला जायचा, आणि आणखी एका दुपारी तुरुंगात. तुरुंगाच्या फाटकावर त्याची पेटी उघडून कात्र्या, फण्या, मशीन सगळं मोजून घेत आणि निघताना पुन्हा मोजत. एकदा एक फणी कमी भरली. अर्धा तास शोधाशोध झाली आणि शेवटी ती त्याच्याच कानामागे सापडली. तेव्हापासून पहारेकरी त्याला बाहेर सोडण्याआधी कानामागे बघायचे.

त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं बायको म्हणायची. ते तितकंसं खरं नव्हतं. सुधारगृहात आणि तुरुंगात कानावर पडलेलं त्यानं कधी बाहेर आणलं नाही. तो बोलायचा तोंडभर, पण सगळं स्वतःबद्दल: शेजाऱ्याशी झालेलं भांडण, सासऱ्यांचं घोरणं, आपलं टक्कल. समोरच्याला वाटायचं, ह्यानं काळीज उघडं केलं. आणि दुसऱ्याचं गुपित तिथंच आत राहायचं, बडबडीच्या ढिगाखाली.

सुधारगृहात त्याला एक मुलगा भेटला होता, बांबूसारखा उंच. सगळे त्याला लांब्या म्हणत. पहिल्याच दिवशी रेडिओनं त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून आपला सगळ्यात चांगला विनोद सांगितला. पोरगं दगडासारखं बसून राहिलं. रेडिओला वाईट वाटलं, विनोद आजवर कधी वाया गेला नव्हता. उजवीकडचे कल्ले कापायला गेला तेव्हा त्यानं तोच विनोद हट्टानं परत सांगितला, तर लांब्या एवढा हसला की कात्री बाजूला धरावी लागली.

रेडिओच्या लक्षात आलं. त्यानं काही विचारायच्या आत लांब्यानं त्याचं मनगट धरलं.

"काका, कुणाला सांगू नका. कळलं तर पोरं त्याच बाजूनं मारायला येतील."

"नाही सांगत," रेडिओ म्हणाला. तेवढंच म्हणाला, हे विशेष.

पुढे लांब्या वयानं मोठा होऊन तिथून सुटला, आणि दोन-तीन वर्षांनी तुरुंगातल्या खुर्चीत येऊन बसला. एका गोदामाचं कुलूप तोडलं होतं, वर्षभराची शिक्षा झाली होती. रेडिओ त्याच्या उजवीकडे जाऊन म्हणाला, "तू अजून वाढलास की काय रे? आता मला स्टूल लागेल." लांब्याचे खांदे सैल झाले.

तुरुंगात तेव्हा नुकतीच एक अधिकारी बाई आली होती. आलेल्या कैद्याला कुठल्या कामाला लावायचं, कुठल्या बराकीत ठेवायचं, हे ती ठरवायची. त्याच सुमाराला नवा नियम आला, की तरुण कैद्याची सुधारगृहातली जुनी फाईल तुरुंगानं मागवली तर ती द्यायची. लांब्यानं सुतारकामासाठी अर्ज केला होता, म्हणून त्याची फाईल आली. तिच्यात पानोपानी एकच सूर होता: उद्धट आहे, हाक मारली तरी बघत नाही, समजावायला गेलं की मान फिरवतो.

"जो सांगितलेलं ऐकत नाही त्याच्या हातात पटाशी कशी देणार, मॅडम?" मुख्य पहारेकरी म्हणाला. "इथल्या हजेरीलाही तो ओ देत नाही. कडक बराकीत टाका." बोलणं रास्त होतं. कामशाळेत त्याच्यावरही जबाबदारी होती.

मॅडमना मात्र ती फाईल पटेना. चौदा वर्षांच्या पोराबद्दल कुणीतरी रागाच्या भरात लिहिलेलं वाचून वीस वर्षांच्या माणसाचं ठरवायचं, हे त्यांना खुपत होतं. हा न्हावी दोन्हीकडे जातो असं कळल्यावर त्यांनी त्याला बोलावून फाईलमधलं सगळं सांगितलं.

"काका, तुम्हाला हे विचारणं बरोबर आहे की नाही, मलाच कळत नाही. पण तुम्ही त्याला लहानपणापासून बघताय. खरंच तो असा आहे का?"

रेडिओनं तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर सगळं तयार होतं, एका वाक्यात पोराचं भलं झालं असतं. त्यानं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडून तो म्हणाला, "केस फार दाट आहेत त्याचे."

"केस?"

"हो. मशीनचं पातं अडकतं."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यापर्यंत मी निर्णय थांबवते. काही आठवलं तर सांगा."

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला आणि मूग गिळून बसला. बायकोनं आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग त्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो, ताप नाहीये. मग झालंय काय? सुनबाई, जरा इकडे ये गं, हे गप्प बसलेत!"

सून पदराला हात पुसत आली आणि सासरे खरंच गप्प बसलेत हे बघून हसायला लागली.

"एकाची गोष्ट आहे," रेडिओ शेवटी म्हणाला. "सांगितली तर त्याचं भलं होईल. पण नाही सांगणार असा शब्द दिलाय."

"कुणाची गोष्ट?"

"तेच तर सांगता येत नाही ना!"

बायकोनं त्याच्या ताटात वाढता वाढता थोडा विचार केला. "मग त्यात एवढं काय? ज्याची गोष्ट आहे त्यालाच विचारा. तो हो म्हणाला तर सांगा, नाही म्हणाला तर जेवा." आणि थोड्या वेळानं, अगदी सहज आवाजात, "बाई आहे की बाप्या?"

"जेवू दे की गं!"

पुढच्या खेपेला लांब्या खुर्चीत बसला तसा रेडिओ उजवीकडून वाकला. फाईलमध्ये काय लिहिलंय आणि काय घाटतंय, ते त्यानं मशीनच्या घरघरीत हळूच सांगितलं. "सांगू का मॅडमना, कानाचं?"

"नको." लांब्यानं मान आखडून घेतली. "उद्धट म्हणू देत. उद्धटाला लोक वचकून असतात. बहिऱ्याला हसतात."

"हसतील काही दिवस. मलाही टकल्या म्हणून हसतात, न्हावी असून टक्कल! पण उद्धटाला लाकूड मिळणार नाही, लांब्या. तुला लाकूड पाहिजे ना?"

लांब्यानं आरशातून दाराकडे बघितलं. कामशाळा पलीकडेच होती. रंधा मारताना उडालेल्या सालींचा वास इथपर्यंत येत होता.

"तुम्ही नका सांगू," तो म्हणाला. "मीच सांगतो. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

"कुठल्या बाजूला?"

"हे काय विचारणं झालं, काका?" लांब्या म्हणाला आणि दोघंही एकदम हसले. दारातल्या पहारेकऱ्यानं हसू नका म्हणून सांगितलं, तेव्हा आणखीच हसले.

मॅडमच्या खोलीत लांब्या आधी दाराच्या कडीकडे बघत होता. मग भडाभडा बोलला. लहानपणी कान फुटला होता, तेव्हापासून डावीकडचं काही ऐकू येत नाही. हजेरी घेणारा नेमका डावीकडे उभा असतो. सुधारगृहातल्या गुरुजींची खुर्चीही डावीकडेच असायची. आणि मान फिरवतो ती चांगला कान पुढे करायला.

त्याचं बोलून झाल्यावर मॅडम उठल्या, आपली खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला घेऊन गेल्या, लांब्याच्या उजवीकडे बसल्या, आणि म्हणाल्या, "आता येतंय ऐकू?"

लांब्यानं मान हलवली. रेडिओला एकदम नाक पुसावंसं वाटलं, म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"डॉक्टरांना कान दाखवू," मॅडम म्हणाल्या. "त्याचा कागद त्यांच्यापाशी राहील. इथे कामशाळेसाठी फक्त एक ओळ पुरे. आणि ही जुनी फाईल मी बंद करून परत पाठवते. माझ्या उपयोगाची नाही ती."

त्यांनी ओळ लिहायला घेतली तसा लांब्या धीर करून म्हणाला, "काय लिहिलंत, वाचून दाखवाल का?"

"डाव्या कानाने बहिरा."

"तसं नको, मॅडम. 'उजवीकडून बोला' असं लिहा."

मॅडमनी आधीची ओळ खोडली आणि तसंच लिहिलं. मुख्य पहारेकऱ्यानं तो कागद वाचला, डोकं खाजवलं, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला मुकाट्यानं रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. लांब्यानं असा खणखणीत "हजर!" दिला की पुढचे दोघे दचकले. पहारेकरीच आधी हसला.

डॉक्टरांनी कान तपासला. पडदा फाटलेला होता, पण सगळंच गेलेलं नव्हतं. काही महिन्यांनी कानाचं मशीन आलं. तोवर लांब्या कामशाळेत चांगला रुळला होता. सांधा असा जुळवायचा की नख शिरणार नाही. मशीन घालून तो पहिल्यांदा केस कापायला आला तेव्हा रेडिओ म्हणाला, "काढून ठेव, केस जातील त्यात."

"राहू द्या. कात्री कशी वाजते ते ऐकायचंय." त्यानं डोळे मिटून घेतले. कात्री कचकच चालत राहिली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "काका, एक सांगू? आजवर मला तुमचं निम्मंच ऐकू येत होतं. देवानं सांभाळलं मला."

रेडिओ इतका हसला की ते केस जरा तिरपे कापले गेले. लांब्यानं ते तसेच मिरवले.

त्यानंतर मॅडम एकदा सुधारगृहात जाऊन आल्या. तिथल्या मुख्यबाईंशी त्यांचं दुपारभर बोलणं झालं. मुलांच्या फाईलमधलं काहीही तुरुंगात जाऊच नये, याच्यावर दोघींचं एकमत होतं. पण नियम होता तोवर त्यांनी एवढं ठरवलं, की मुलगा सुटताना फाईलमध्ये एक पान त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून लिहायचं. मला काय येतं, माझ्याशी कसं बोलावं, काय केलं तर मी चिडतो.

रेडिओ पुढच्या वेळी गेला तेव्हा पोरांमध्ये त्या पानाचीच चर्चा होती. खुर्चीतला एक म्हणत होता, मला शिट्टीवर कुठलंही गाणं वाजवता येतं असं लिहिणार. दुसरा म्हणाला, मी लिहिणार की मला सकाळी उठल्यावर अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. रांगेतला सगळ्यात छोटा आपल्याला काय येतं ते आठवेना म्हणून रडकुंडीला आला होता.

"तुला पोहता येतं की," मागचा म्हणाला.

"खरंच की!" छोटा ओरडला, आणि केस अर्धे कापलेले, गळ्यात तो पांढरा कपडा, तसाच मुख्यबाईंना सांगायला पळाला.