मोठ्याने केलेली प्रार्थना

मी प्रार्थना करून एका बाईचं नुकसान केलं. हे असं सरळ लिहिताना अजूनही वाटतं, की वाक्यातच काहीतरी गडबड आहे. पण झालं ते असंच.

सत्तरच्या दशकात मी कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होतो आणि तिथल्याच वसाहतीत राहत होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये माझ्याच पाळीतला सोबती राहायचा. तोही ख्रिस्ती. त्याची बायको दर रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहान मुलांची शब्बाथ शाळा, बायबलमधल्या गोष्टींचा वर्ग, घ्यायची. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. शनिवारी दुपारपासून ती जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलांसाठी दावीद आणि त्याची मेंढरं रंगवत बसलेली असे.

एकदा पाळी सुटल्यावर, सायकली हाती धरून चालताना, त्याने मला सांगितलं की तिला कधीकधी फिट येते, औषध चालू आहे. कुणाजवळ बोलू नको म्हणाला. मी बोललो नाही, चार दिवस.

गुरुवारी माझ्या घरी प्रार्थनासभा होती. ते दोघं त्या दिवशी तिच्या माहेरी गेले होते. माझी प्रार्थनेची वेळ आली, तेव्हा मी डोळे मिटून, तिचं नाव घेऊन, तिच्या फिट थांबाव्यात म्हणून प्रभूकडे मागणं मागितलं. माझा आवाज चढत गेला. सगळे आमेन म्हणाले. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही.

पुढे कुणीही वाईट वागलं नाही, आणि इथेच माझा गोंधळ होतो. बाया तिच्याकडे डबे घेऊन गेल्या. स्टोव्हजवळ एकटी बसत जाऊ नको, असं एकीने बजावलं. मग वर्गातल्या काही मुलांच्या आयांच्या विनंतीवरून चर्चच्या पाळकसाहेबांनी तिला अगदी प्रेमाने आराम करायला सांगितलं आणि वर्ग दुसऱ्या बाईकडे दिला. त्या रविवारी ती मागच्या बाकावर बसली. पुढच्या रविवारी आलीच नाही.

वर्ग तिला परत द्या, म्हणून मी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी उलट मलाच विचारलं, प्रार्थना करणं चूक कसं असेल? तोच प्रश्न घेऊन मी घरी परतलो. मी तर देवाशी बोलत होतो. पण तो तर मनातलंही ऐकतो. मग आवाज का चढवला होता? खोलीतल्या माणसांनी ऐकावं म्हणूनच का? आजही मला नक्की सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या दारात गेलो. ती वाटाणे सोलत होती. सोबत्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुले एकच गोष्ट सांगतली होती गा," तो म्हणाला, आणि आत गेला.

काय करावं ते कळेना. मी सवयीने मान खाली घालून म्हणालो, आपण प्रार्थना करू.

"नको, भाऊजी," ती म्हणाली. "देवाले मागून सांगजा. आधी मले सांगा, काय केलं ते."

प्रार्थनेत मला शब्द भराभर सुचायचे. तिच्या तोंडाकडे बघून एकही सुचेना. ती सोलायची थांबली होती, वाट पाहत होती.

"वहिनी," मी म्हणालो, "तुमची गोष्ट सांगायचा मले हक्क नव्हता. मी सांगतली, अन् तुमची पोरं तुमच्यापासून गेली. सगळ्यांनी मले चांगलं म्हणावं, हेही मनात होतं. चुकलो मी. माफ करा मले."